ठाण्या-नवी मुंबईच्या बाल्कनीत आयरिस आणि वसंतातली फुलं लवकर कशी आणायची

ऑक्टोबर लागला की ऑनलाइन दुकानांत आयरिसचे कंद दिसू लागतात. फोटोतलं फूल निळंजांभळं, झालरीच्या पाकळ्यांचं, खालच्या पाकळीवर पिवळी लव असलेलं. हा बिअर्डेड आयरिस. ठाण्यात किंवा नवी मुंबईत तो घेऊ नका. तलवारीच्या पात्यांसारखी पानं येतील, एखादा हिवाळा रोप तगेलही, पण फूल येणार नाही आणि जुलैच्या पावसात कंद सडेल. या जातीला कळी धरायला हिवाळ्यात सलग काही आठवडे कडक थंडी लागते. काश्मीरमध्ये कबरस्तानांतसुद्धा आयरिस फारशी निगा न घेता फुलतो, कारण तिथला हिवाळा त्याला हवी ती थंडी देतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा बहुधा १५-१६ अंशांच्या आसपासच असतो. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ यांचंही तेच.

म्हणून आयरिसचा नाद सोडायची गरज नाही. आयरिसचं कुळ मोठं आहे. वॉकिंग आयरिस, आफ्रिकन आयरिस, ग्लॅडिओलस ही सगळी त्याच कुळातली, आणि त्यांना थंडी लागत नाही. त्यांच्या जोडीला अमरिलिस, भुईचाफा आणि रेन लिली घेतल्या की जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत बाल्कनी रिकामी राहत नाही.

कोकणपट्टीतल्या बऱ्याच कंदांना फुलण्याचा इशारा थंडी देत नाही, कोरड देते. पावसाळ्यात पानांनी बनवलेलं अन्न कंदात साठतं, पाऊस सरला की माती सुकते, कंद निजतो, पुन्हा ओल आणि ऊब मिळाली की आधी फूल वर येतं. अमरिलिस, भुईचाफा आणि रेन लिली यांना लवकर फुलवायचं म्हणजे पाणी कधी तोडायचं आणि कधी सुरू करायचं हे ठरवायचं. वॉकिंग आयरिस मात्र या हिशेबात बसत नाही, त्याचं पाणी तोडलं तर तो रुसतो.

घाई कशासाठी, असा प्रश्न पडेल. फेब्रुवारीअखेरच्या उन्हासाठी. २०२५ मध्ये फेब्रुवारी संपायच्या आतच हवामान खात्याने ठाणे-रायगडसह कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. पारा ३६-३८ वर गेला की आठवडाभर टिकणारं अमरिलिसचं फूल तीन दिवसांत मान टाकतं आणि ग्लॅडिओलसच्या वरच्या कळ्या न उमलताच वाळतात. म्हणून मोठी फुलं २० जानेवारी ते २० फेब्रुवारी या महिन्यात उमलतील असं वेळापत्रक धरा.

आधी बाल्कनीची दिशा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यातलं ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तोच सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि तीच बाल्कनी दुपारी सावलीत जाते. वसंतातल्या फुलांसाठी ही उत्तम सोय आहे: कळ्या धरताना भरपूर ऊन, उन्हाळ्यात आपोआप सावली. पूर्वेची बाल्कनी दुसऱ्या क्रमांकावर. पश्चिमेला फेब्रुवारीत दुपारी तीननंतरचं ऊन फार तापवतं, तिथे ५० टक्क्यांची हिरवी जाळी लागेलच. उत्तरेच्या बाल्कनीत ग्लॅडिओलसचा विचारही करू नका, वॉकिंग आयरिस लावा.

कंद मागवण्याआधी एका सुटीच्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी ४ दर तासाला बाल्कनीत डोकावून ऊन कुठे पडतं ते लिहून ठेवा. समोरचा टॉवर दिशेचं सगळं गणित उलटं करू शकतो. आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी ठेवू नका. त्या गरम झोतात कळ्या दोन दिवसांत कागदासारख्या होतात, आणि माणूस उगाच कीड शोधत बसतो.

माती आणि पाणी

नर्सरीत मिळणारी लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत विटेसारखी बसते. वर पाणी साचतं, खाली मुळं कोरडी राहतात. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण बसतं. त्यासाठी ५ लिटर लाल माती, ३ लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट, ४ लिटर गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि ३ लिटर जाड रेती किंवा परलाइट घ्या. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि दोन मोठे चमचे बोनमील मिसळा. रेती बांधकामावरून आणली असेल तर बादलीत तीन-चार वेळा पाणी बदलून धुवा. खाडीच्या रेतीत मीठ असतं आणि या कुळाला मीठ सोसत नाही. कोकोपीटही स्वस्तातलं असेल तर एकदा धुऊन घ्यावं, त्यातही खार असतो.

तळाला खापराचा तुकडा भोकावर पालथा ठेवला की पुरे. खडीचा जाड थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मातीची खोली कमी होते आणि ओल वरच्या थरात अडकून राहते. भिजलेली १२ इंची कुंडी १५ ते २० किलो भरते, तेव्हा ती ग्रिलच्या बाहेर टांगायची नाही.

महापालिकेचं पाणी धरणाचं आणि नदीचं, ते या झाडांना मानवतं. अडचण टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याची. घोडबंदर रोडवर टँकरवर चालणारी संकुलं आहेत, आणि खाडीकाठच्या भागात बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळत असतील आणि मातीवर पांढरा थर धरत असेल तर पाण्यात क्षार आहेत असं समजा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर ५०० च्या आत आकडा दाखवत असेल तर चिंता नाही. १००० च्या वर असेल तर कुंड्यांपुरतं पिण्याचं पाणी वापरा, किंवा निदान महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी वरून सोडून क्षार धुऊन काढा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी कुंडीला घालण्याची पद्धत पडली आहे. बाकी झाडांचं काय व्हायचं ते होवो, कंदवर्गाला ते घालू नका. यंत्राने पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

अमरिलिस

नर्सरीवाले हिला नुसतं ‘लिली’ म्हणतात. शास्त्रीय नाव हिप्पिअ‍ॅस्ट्रम. ही आयरिसच्या कुळातली नाही, पण या हवेत हमखास आणि ठरवलेल्या वेळी फुलणारं कंदाचं झाड दुसरं नाही. बहुतेक घरांत ते मार्च-एप्रिलमध्ये आपल्या मर्जीने फुलतं, नाहीतर वर्षभर नुसती पानं देत राहतं. दोन्हीचं कारण एकच असतं: त्याला विश्रांती मिळालेली नसते.

कंदाच्या आत साधारण दर चार पानांमागे एक फुलाचा गाभा तयार होतो, आणि तोही फूल दिसण्याच्या बरेच महिने आधी. म्हणजे यंदा फेब्रुवारीत येणारं फूल गेल्या पावसाळ्याआधीच्या निगेवरही अवलंबून असतं. एप्रिल ते सप्टेंबर या काळात झाडाला सात-आठ तजेलदार पानं आली असतील तर एक दांडा नक्की, दुसऱ्याचीही आशा. तीन-चारच बारीक पानं असतील तर या वर्षी जबरदस्ती नको, त्याला खाऊ द्या. नवा कंद घेताना घेर मोजा: जुन्या लाल देशी जातीला १५-१६ सेंटिमीटर पुरतात, मोठ्या फुलांच्या संकरित जातींना २२ च्या आसपास हवेत. अंगठ्याने दाबल्यावर कंद घट्ट लागला पाहिजे. बुडाशी मऊ लागला तर फुकटही घेऊ नये.

वेळापत्रक असं. ऑगस्टअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम. सप्टेंबरमध्ये ते बंद करून दोनदा पालाशाचं ०:०:५० तेवढ्याच प्रमाणात. कोजागिरीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर, पाणी पूर्ण तोडा आणि कुंडी अशा ठिकाणी सरकवा की परतीच्या पावसाची सर तिच्यावर पडणार नाही. इथेच बरेच जण चुकतात. पाणी तोडतात, पण कुंडी उघड्यावर राहते, एका संध्याकाळी मेघगर्जनेसह पाऊस येतो आणि आठवड्याभरात नवं पान फुटतं. विश्रांती तिथेच मोडते.

पानं पिवळी पडून आपोआप लोळतील, मगच कापा. हिरवी पानं कापली तर कंदाच्या तोंडचा घास जातो. काही पानं महिन्याभरानेही हिरवीच राहतात. तेवढी मानेपासून पाच सेंटिमीटरवर छाटली तर चालतात. कुंडी आडवी करून अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ८ ते १० आठवडे ठेवा. कंद उकरून काढण्याची गरज नाही, उलट मुळं तुटतात.

२० ते २५ डिसेंबरच्या दरम्यान कुंडी बाहेर काढा. वरची तीन-चार सेंटिमीटर माती खरवडून तिथे ताजं मिश्रण भरा. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर असायलाच हवा. पूर्ण पुरलेला कंद मानेपाशी सडतो. कुंडीही मोठी नको: कंदाच्या चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली की झालं, एका कंदाला ८ इंची पुरते. कुंडी मोकळी असली की झाड मुळं आणि पिल्लं वाढवत बसतं.

एकदा तळातून निथळेपर्यंत पाणी द्या, आणि मग हात आवरा. कोंब दिसेपर्यंत माती वरून दोन बोटं कोरडी झाली तरच थोडं पाणी, तेही कडेने, कंदाच्या तोंडात नाही. कोंब फुलाचा की पानाचा हे पहिल्या आठवड्यातच ओळखता येतं. फुलाचा कोंब जाड, थोडा चपटा आणि बहुतेकदा एका बाजूने येतो. पानाचा पातळ, आणि मधोमध. आधी पानंच येत असतील तर विश्रांती अपुरी झाली किंवा कंद अशक्त आहे. पाणी सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे फेब्रुवारीच्या पूर्वार्धात फूल उमलतं. सगळ्या कुंड्या एकदम सुरू करू नका, दहा-दहा दिवसांच्या अंतराने करा.

दांडा उजेडाकडे वाकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवा. आधाराची काडी कुंडीच्या कडेला खोचा. कंदाजवळ खोचलेली काडी त्यात घुसते आणि सड तिथून सुरू होते. फूल उमलताच आतले परागकोश चिमटीने काढले आणि कुंडी सावलीत नेली तर ते एक-दोन दिवस जास्त टिकतं. दांडा फारच आखूड राहून फूल कंदाच्या डोक्यावरच उमललं तर समजावं की विश्रांती कमी पडली किंवा पाणी सुरू केल्यावर मुळं चाललीच नाहीत.

फूल गेल्यावर सुकलेला तुरा आणि त्याखालचं फुगू लागलेलं बीजकोश तेवढं कापा, हिरवा दांडा राहू द्या. तोही अन्न बनवतो.

पावसाळ्यात या झाडावर काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेल्या अळ्या येतात. लिलीवरच्या पतंगाच्या या अळ्या दोन रात्रींत पान बुडापर्यंत खातात आणि मग कंदात शिरतात. जूनअखेरपासून दर दोन दिवसांनी पानांची मागची बाजू पाहा. अंडी झुबक्याने घातलेली असतात, ती पुसून टाका, अळ्या हातमोजा घालून साबणाच्या पाण्यात टाका. अळ्या लहान असतील तर बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची, फवारणी चालते. मोठ्या अळ्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा भरवसा धरू नये. पानांवर आणि दांड्यावर लालभडक, पोळल्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. डागाळलेलं पान कापा, वरून पाणी शिंपडणं थांबवा. कीड समजून औषधं मारू नका.

वॉकिंग आयरिस आणि आफ्रिकन आयरिस

आयरिसचा खरा चेहरा असलेलं फूल हवं असेल तर वॉकिंग आयरिस. मूळ ब्राझीलचा, त्यामुळे दमट हवा त्याला घरची. तीन पांढऱ्या बाहेरच्या पाकळ्या, आत निळ्या वळलेल्या, बुडाशी तपकिरी पट्टे. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं, पण एकाच दांड्यावर काही आठवडे थांबून थांबून नवी फुलं येत राहतात. पिवळ्या फुलांची जातही मिळते. ती जास्त वेळा फुलते, दिसायला थोडी साधी.

पंख्यासारख्या पसरलेल्या पानांत दहा-बारा पानं झाल्याशिवाय ते फुलत नाही. छोटं रोप आणून पहिल्याच वर्षी फुलाची वाट पाहणं व्यर्थ. ८ ते १० इंची कुंडी, सकाळचं दोन-तीन तास ऊन, बाकी उजळ सावली. माती कायम दमट, पण चिखल नाही. फुलं लवकर हवी असतील तर तीन गोष्टी पाळा: ऑक्टोबरपासून कुंडी एक-दोन तास जास्त ऊन मिळेल अशा जागी सरकवा, सप्टेंबरनंतर युरिया किंवा ताजं शेणखत देऊ नका, आणि गड्डे जूनमध्येच वेगळे करा. दसऱ्याला कुंडी बदलली की ते झाड तो हंगाम मुळं धरण्यात घालवतं.

दांडा पानासारखाच चपटा असतो, म्हणून नवखे लोक फूल संपल्यावर ‘वाळकं पान’ समजून तो छाटतात. छाटू नका. त्याच्या टोकाला नवं रोप धरतं, ते जड होऊन खाली वाकतं आणि टेकेल तिथे रुजतं. शेजारी मिश्रण भरलेली कुंडी ठेवा, टोकाचं रोप त्यावर टेकवून तारेचा यू आकाराचा आकडा खोचा. महिन्याभरात मुळं धरली की मधला दांडा कापा. एका झाडाची दोन वर्षांत सोसायटीभर वाटण्याइतकी रोपं होतात.

आफ्रिकन आयरिस जास्त काटक आहे. संकुलांच्या बागांत आणि रस्त्याच्या दुभाजकांवर अरुंद ताठ पानांचे त्याचे झुडपे दिसतात. पांढऱ्या फुलात जांभळी छटा असलेली एक जात, फिक्या पिवळ्यावर गडद ठिपक्यांची दुसरी. ऊन निदान पाच तास हवं. कमी उन्हात गवत होऊन राहतं. याचेही फुललेले दांडे हिरवे असेपर्यंत कापायचे नाहीत, त्यावरच पुन्हा कळ्या येतात. एकदा बसलं की हलवणं त्याला आवडत नाही. विभागणी केली तर पुढचं जवळजवळ वर्ष ते नाराजी काढतं.

ग्लॅडिओलस

हा बाल्कनीपेक्षा गच्चीचा गडी. सहा तास थेट ऊन नसेल तर पानं वाढून दांडाच येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिली खेप लावा, मग पंधरा-पंधरा दिवसांनी दोन खेपा. जातीप्रमाणे ७० ते ९० दिवसांत फूल, म्हणजे पहिली खेप जानेवारीत हाती येते. डिसेंबरच्या मध्यानंतर लावलेले कंद मार्चच्या उन्हात सापडतात, ते पैसे वाचवा.

कंद चार सेंटिमीटर रुंद आणि जाड असावा. चपटा पसरट कंद म्हणजे म्हातारा. वरचं कोरडं साल सोलून बघा, तपकिरी खोल डाग असतील तर टाकून द्या. लावण्याआधी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला २ ग्रॅम द्रावणात अर्धा तास बुडवा, रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीच्या द्रावणात. १२ इंची कुंडीत पाच कंद, एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर, ७-८ सेंटिमीटर खोल. उथळ लावले की दांडा कलंडतो. तिसरं पान येईपर्यंत फूल आत ठरतं आणि सहाव्या पानाच्या सुमारास दांडा वर सरकू लागतो. या काळात एकदाही माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नका, नाहीतर फुलांची संख्या कमी होते. या झाडाला सुपर फॉस्फेट देऊ नये: त्यातल्या फ्लोराइडने पानांची टोकं जळतात.

खरा शत्रू थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. पानांवर चंदेरी ओरखडे, कळ्या कडेने पांढरट पडून चिकटलेल्या. हवा कोरडी आणि उबदार झाली की वाढतात. चौथ्या पानापासूनच निळा चिकट सापळा टांगा आणि आठवड्याला कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली प्रतिलिटर, संध्याकाळी फवारा. ओरखडे तरीही वाढले तर ४५ टक्क्यांचं स्पिनोसॅड हे कीटकनाशक ०.३ मिली प्रतिलिटर, एकदाच, फुलं उमलायच्या आत. फुलांवर मधमाश्या येत असताना नाही.

फुलदाणीसाठी सर्वांत खालच्या कळीचा रंग दिसू लागला की कापा, झाडावर किमान चार पानं ठेवून. त्यानंतर सहा आठवड्यांनी पानं पिवळी झाल्यावर कंद उकरा, आठवडाभर सावलीत वाळवा, जुना सुकलेला कंद खालून तोडून टाका. नवीन कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवले की त्यांची झोप मोडते. सफरचंद-केळ्यांपासून दूर. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहा. अमरिलिसचा कंद तर थेट कांद्यासारखाच दिसतो आणि विषारी असतो, कुणी फोडणीला घातला तर रात्र दवाखान्यात जाईल. मांजर-कुत्रा पाळलेल्या घरात या सगळ्याच झाडांची पानं-कंद त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असं बघा.

भुईचाफा आणि रेन लिली

भुईचाफा हळदीच्या कुळातला. उन्हाळ्यात पानाचा मागमूस नसताना मातीतून थेट फूल उमलतं: पांढरं, खालच्या ओठावर जांभळं, आणि मंद सुवासाचं. रूपाने आयरिसच्या इतकं जवळचं सुगंधी फूल इथे दुसरं मिळणं कठीण. कंद मे-जूनमध्ये किंवा फुलून गेल्यावर लगेच लावावा, पाच सेंटिमीटर खोल, पसरट कुंडीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पानं पिवळी पडतात तेव्हा पाणी बंद. कुंडी रिकामी समजून कुणी तिच्यात कोथिंबीर पेरतं, म्हणून खूण खोचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती उन्हात आणून एकदा भिजवा, मग माती फक्त किंचित ओलसर ठेवा. ऊब पुरेशी झाली की मार्चमध्ये कळ्या वर येतात. भरपूर पाणी घातलं तर कंद कुजतो, फूल लवकर येत नाही.

रेन लिलीचं तंत्र सगळ्यात सोपं. गुलाबी, पिवळी, पांढरी, कुठलीही घ्या. ६ इंची कुंडीत दहा-बारा कंद दाटीनेच लावा. तीन-चार आठवडे पाणी तोडा, मग कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून काढा. आठवडा-दहा दिवसांत एकदम फुलते. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत हे दोन-तीनदा करता येतं. त्याहून जास्त वेळा ताणलं तर कंद बारीक होत जातात.

मोसमी फुलं, थोडक्यात

पेटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, अ‍ॅलिसम यांचं बी सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान पेरलं तर डिसेंबरअखेर फुलं सुरू होतात. पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं, ते मातीने झाकायचं नाही, नुसतं दाबायचं. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. ट्रे दाट पेरू नका आणि पाणी खालून द्या. सहा पानांवर शेंडा खुडला की फुटवे येतात. कबुतरं रोपं उपटतात, त्यामुळे पहिला महिना जाळी हवीच.

फ्रिजमधला डच आयरिस

एवढं वाचूनही निळा, फुलवाल्याकडे मिळतो तसाच आयरिस हवा असेल तर डच आयरिसचे कंद घ्या, बिअर्डेड नव्हे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ८ ते १० आठवडे ठेवा. फ्रीजरमध्ये नाही, आणि फळांजवळ तर मुळीच नाही: फळांतून सुटणारा वायू कंदाला बाधू शकतो. डिसेंबरच्या मध्यावर बाहेर काढून त्याच दिवशी ८-१० सेंटिमीटर खोल लावा. पूर्वेच्या बाल्कनीत, भरपूर उजेडात, भिंतीच्या तापापासून दूर. ऊन कमी पडलं किंवा दिवसाचा पारा ३२-३३ च्या वर राहिला तर कळी आतल्या आत सुकते. थंड जानेवारी मिळाला तर फेब्रुवारीत काही फुलं पाहायला मिळतील, बाकी कंद नुसती पानं देतील. फुलून गेलेला कंद पुढच्या वर्षासाठी जपण्यात अर्थ नाही, कंपोस्टमध्ये घाला. आमच्या मते याच पैशांत अमरिलिसचे दोन चांगले कंद येतात आणि दहा वर्षं टिकतात. पण हौसेपुढे इलाज नसतो.

मार्चनंतर

उन्हाचा पारा ३५ च्या वर गेला की सगळ्या कंदांच्या कुंड्यांवर काथ्याचा किंवा सुक्या पानांचा तीन सेंटिमीटर थर द्या. पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी तापलेल्या कुंडीत ओतलेलं पाणी मुळं शिजवतं. पाण्याच्या टाकीतून गच्चीवर येणाऱ्या नळीतलं पहिलं गरम पाणी सोडून द्या.

मेअखेरीस, पहिल्या वळवाच्या आधी, प्रत्येक कुंडीचं भोक सळीने मोकळं करा आणि खालच्या बशा काढून ठेवा. ठाण्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बशीत उभ्या राहिलेल्या पाण्यात कंद कुजतात आणि डास होतात, मग महापालिकेचे फवारणीवाले दारात येतात. कुंड्या विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा, आणि अमरिलिसचं खत पुन्हा सुरू करा.